काटकसरीला मान हवा

पालकहो,

वर्गात सध्या हवामानबदलाचा विषय चालू आहे. मुलं घरी येऊन तुम्हाला सांगत असतील, दिवे बंद करा, गाडी कमी काढा, कापडी पिशवी न्या. तुमच्यापैकी काहींनी शाळेच्या फाटकाशी मला विचारलंही, "मॅडम, हे आमच्या पोरांना कशाला? आमच्याकडं ना एसी, ना चारचाकी." प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचं उत्तर फाटकाशी उभ्या उभ्या देता येण्यासारखं नव्हतं, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आधी हिशोब पाहू. एक लिटर पेट्रोल जळलं की सव्वादोन किलोहून थोडा जास्त कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. १४.२ किलोची गॅसची टाकी संपली की चाळीस किलोच्या वर. विजेचं एक युनिट वापरलं की सुमारे सातशे ग्रॅम, कारण आपली बरीचशी वीज अजून कोळसा जाळूनच तयार होते. देशाचा असा सगळा हिशोब मांडला, तर भारतात वर्षाला माणशी साधारण दोन टन येतात. जगाची सरासरी याच्या दुपटीहून जास्त आहे आणि अमेरिकेत तर माणशी चौदा टनांच्या आसपास. मुंबईहून लंडनला जाऊन परत येणारा विमानाचा एक प्रवासी तेवढ्या एका फेरीत टनाच्या वर कार्बन डायऑक्साइड सोडतो. मार्गासनी, विंझर, साखर इथल्या शेतकरी घरातलं एखादं माणूस अख्ख्या वर्षात तेवढा सोडत असेल, असं मला वाटत नाही. तेव्हा या प्रश्नात आपल्या खोऱ्यातल्या माणसाला कुणी गुन्हेगार ठरवू नये, आणि शाळाही ठरवत नाही.

मग बोलायचं कशाबद्दल? मला काळजी वाटते ती वेगळ्या गोष्टीची. आपण कमी वापरतो, ते बहुतेक वेळा नाइलाजाने. परवडत नाही, मिळत नाही, पोचत नाही, म्हणून. आणि या नाइलाजातून पोरांची सुटका व्हावी म्हणून तुम्ही शेतात राबता, शिरवळ-खेड शिवापूरच्या कंपन्यांत पाळ्या करता. यात काहीच चूक नाही. पण हे सगळं बघत वाढलेल्या मुलाच्या मनात एक गाठ पक्की बसते: कमी वापरायचं म्हणजे गरिबी आणि भरपूर वापरायचं म्हणजे सुधारणा. उद्या त्याच्या हातात पैसा येईल, तेव्हा नाइलाज संपेल. मग जपून वापरायला त्याच्यापाशी दुसरं काही कारण उरेल का? ते कारण त्याला आजच, तुमच्या घरातच मिळायला हवं.

माणसं आपली राहणी कशानं बदलतात, याचा मी बराच विचार केला. भीती घालून फारसं काही होत नाही, असं माझं मत झालंय. वितळणाऱ्या हिमनगाचं चित्र दाखवलं की मुलं गप्प बसतात आणि तास संपला की विसरतात. आपल्या डोळ्यांदेखत जे बदल झाले, ते पाहिले तर वेगळंच दिसतं.

एलईडी बल्ब घ्या. सरकारची उजाला योजना जानेवारी २०१५ मध्ये सुरू झाली. आधी सरकारी खरेदीत जो बल्ब तीनशे रुपयांच्या वर पडत होता, तो दोनेक वर्षांत साठच्या आत आला. देशभर छत्तीस कोटींहून अधिक बल्ब वाटले गेले. आज वेल्ह्यापासून नसरापूरपर्यंत जुना पिवळा बल्ब शोधावा लागेल. तो बदलताना कुणी पृथ्वीचा विचार केला नसेल. उजेड जास्त, बिल कमी, बल्ब टिकतोही, एवढं पुरेसं होतं.

आणि एसटी. १७ मार्च २०२३ पासून महिलांना राज्यभर अर्धं तिकीट झालं. त्याआधी ७५ वर्षांवरच्या ज्येष्ठांचा प्रवास मोफत झाला होता. आता चेलाडीच्या फाट्यावर उभं राहून बघा, कोण चढतं आणि कोण उतरतं ते. नवऱ्याला किंवा दिराला "जरा गाडीवर सोडता का" असं विचारण्यापेक्षा बाया स्वतःच्या स्वतः एसटीने नसरापूरला जातात, माहेरी जाऊन येतात, स्वारगेटला उतरून दवाखाना करून परततात. एकेका मोटारसायकलपेक्षा भरलेली एसटी माणशी कितीतरी कमी इंधनात माणसं नेते, पण बायांनी ती धरली ती दुसऱ्याच कारणासाठी. कुणाची मिनतवारी करावी लागत नाही. पैसे वाचले आणि मानही राहिला.

मला वाटतं सगळं मर्म इथेच आहे. घरातल्या कुणाचे तरी कष्ट कमी व्हावेत आणि चारचौघांत मान खाली जाऊ नये. या दोन गोष्टी साधल्या की माणूस आपण होऊन बदलतो. यातली एक जरी सुटली, तरी कितीही चांगली गोष्ट चार महिन्यांत अडगळीत जाते.

चुलीचं उदाहरण तुमच्या घरातलंच आहे. निर्धूर चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम १९८३ मध्ये सुरू झाला. देशभरात कोट्यवधी चुली बसवल्या गेल्या आणि २००२ मध्ये केंद्राने तो कार्यक्रम थांबवला. कितीतरी घरांत त्या चुली मोडून पुन्हा आपली जुनी मातीची चूल बसली, कारण मोठं पातेलं बसत नव्हतं, धुराडं काजळीनं तुंबत होतं आणि दुरुस्तीला कुणी येत नव्हतं. पुढे २०१६ मध्ये उज्ज्वला योजना आली, गॅस घरोघर पोचला. तरीही आज आपल्या बहुतेक घरांत दोन्ही आहेत. सकाळचा चहा आणि पोरांचा डबा गॅसवर, भाकरी आणि आंघोळीचं पाणी चुलीवर. टाकीला रोख पैसे मोजायचे आणि लाकूडफाटा 'फुकट', असा हिशोब. पण तो फुकट कुणाच्या डोक्यावरून येतो? श्रावणात सरपण ओलं असतं, तेव्हा फुंकणी घेऊन धुरात कोण बसतं, डोळे कुणाचे चुरचुरतात, खोकला कुणाला लागतो? घरच्या हिशोबात बाईच्या कष्टाला किंमत नाही, म्हणून सरपण फुकट दिसतं. ज्या दिवशी घरातला पुरुष आठवडाभर स्वतः मोळी आणील, त्या दिवशी त्या घरात बायोगॅसचा किंवा सौर बंबाचा विषय आपोआप निघेल.

बायोगॅसबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण आपल्याकडे त्याचं बरंवाईट दोन्ही दिसतं. दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज साधारण पन्नास किलो शेण आणि तेवढंच पाणी लागतं. म्हणजे दावणीला चार-पाच जनावरं हवीत. चार-पाच माणसांचा स्वयंपाक त्यावर होतो, आणि बाहेर पडणारी स्लरी शेताला सोन्यासारखी. सिंधुदुर्गात झारापच्या भगीरथ ग्रामविकास प्रतिष्ठानने, डॉ. प्रसाद देवधर यांच्या पुढाकाराने, अशी हजारो संयंत्रं उभी केली आहेत. पण अनुदान मिळालं म्हणून टाकी बांधली आणि दोन वर्षांनी बैल विकले, की टाकीत पावसाचं पाणी साठतं. शिवाय पन्नास किलो शेण रोज कालवायचं कुणी, हे घरात आधी ठरलं नसेल, तर ते काम आपसूक सुनेच्या वाट्याला येतं. सरपणाचे कष्ट गेले आणि शेणकाल्याचे आले, असं झालं तर तिने उत्साह कुठून आणायचा? जनावरं नसलेल्या घरासाठी पुण्याच्या आरती या संस्थेने, डॉ. आनंद कर्वे यांच्या कामातून, खरकटं आणि वाया गेलेल्या पिठूळ पदार्थांवर चालणारा लहान बायोगॅस तयार केला. त्याला २००६ मध्ये लंडनचा अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळाला. अशा गोष्टी आहेत. प्रश्न यंत्राचा कमी आणि घरातल्या कामाच्या वाटणीचा जास्त आहे.

शेताचंही तसंच. भाताच्या रोपवाटिकेसाठी आपण राब भाजतो. झाडांचे टहाळे, पालापाचोळा, शेणी, गवत यांचे थर रचायचे आणि पेटवायचे. बाहेरून आलेली माणसं याला अडाणीपणा म्हणतात, ते मला अजिबात पटत नाही. राब भाजला की तणाचं बी मरतं, राख मिळते, रोप जोमदार येतं. पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे तो. पण त्यासाठी झाडं ओरबाडली जातात, धूर होतो आणि मातीत जायचा काडीकचरा जळून जातो. याला पर्याय म्हणून डॉ. नारायण सावंतांची चारसूत्री पद्धत आपल्या मावळी पट्ट्यात बऱ्याच जणांनी पाहिली आहे: रोपवाटिकेत भाताच्या तुसाची काळी राख, चिखलणीच्या वेळी गिरिपुष्पाचा पाला, दोरीवर नेमक्या अंतराने दोन-तीन रोपांची लावणी आणि चार चुडांच्या मध्ये युरिया-डीएपीची एक गोळी खोल खोचायची. बियाणं कमी लागतं. खत वाहून जात नाही, म्हणून युरियाही बराच वाचतो. युरिया तयार करताना नैसर्गिक वायू जळतो आणि शेतात टाकल्यावर त्यातला काही भाग नायट्रस ऑक्साइड होऊन हवेत जातो, तेव्हा वाचलेला प्रत्येक किलो हवेच्याही कामी येतो.

मग सगळ्यांनीच ती का नाही धरली? लावणीच्या दिवशी बांधावर उभं राहा, म्हणजे कळतं. वर धो धो पाऊस, डोक्यावर इरलं नाहीतर प्लास्टिकचा कागद, लावणीच्या बायांची ओळ चिखलात वाकलेली. पंधरा आणि पंचवीस सेंटीमीटरच्या खुणा केलेली दोरी दोघांनी ताणून धरायची, तेवढी ओळ झाली की पुढे सरकवायची. त्यात हात अडतो. बाया म्हणतात, या दोरीनं खाचर दिवसात होत नाही. आणि मजुरीवर आलेल्या बाईला दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच्या खाचरात जायचं असतं. म्हणजे फायदा मालकाला आणि खोळंबा मजूर बाईला. जिथे ही पद्धत टिकते, तिथे इर्जिकीने एकमेकांच्या खाचरात लावणी होते किंवा वेळ जास्त लागला म्हणून मजुरी वाढवून दिली जाते. सवय झाली की हातही चालतो. दोरी धरायला घरचे पुरुष आणि सुट्टीवर आलेले कॉलेजचे मुलगे उतरले, तरी अर्धं काम हलकं होतं. "लोकांना पर्यावरणाचं कळत नाही" असं म्हणणाऱ्यांनी ही एक दोरी तासभर धरून बघावी.

आता मानाचा भाग. कॅलिफोर्नियातल्या सॅन मार्कोस या गावात रॉबर्ट चाल्डिनी, वेस्ली शुल्त्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला होता. २००८ मध्ये तो प्रसिद्ध झाला. घरोघरी दारावर पत्रकं अडकवली. काहींवर लिहिलं, वीज वाचवा, पर्यावरण वाचेल. काहींवर, पैसे वाचतील. काहींवर, पुढच्या पिढ्यांसाठी वाचवा. आणि काहींवर फक्त एवढंच की तुमचे बहुतेक शेजारी एसीऐवजी पंखा वापरतात. शेजाऱ्यांचं पत्रक मिळालेल्या घरांनी सगळ्यांत जास्त वीज वाचवली. गंमत अशी की लोकांना विचारलं, तेव्हा त्यांनी शेजाऱ्यांचं कारण सगळ्यांत शेवटी सांगितलं होतं.

आपल्याला यात नवल वाटू नये. आर. आर. पाटील ऊर्फ आबांनी २००० मध्ये संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू केलं, तेव्हा गावोगाव हेच झालं होतं. शेजारचं गाव बक्षीस घेतंय म्हटल्यावर आपलं गाव पेटून उठलं. साताऱ्याच्या पाटण तालुक्यातली मान्याचीवाडी ही शंभर-एक उंबऱ्यांची वस्ती २०२४ मध्ये राज्यातलं पहिलं सौरग्राम झाली. पण त्याआधी कितीतरी वर्षं ते गाव स्वच्छतेची, ग्रामविकासाची बक्षिसं एकजुटीने मिळवत आलं होतं. छतावरच्या पॅनेलला सरकारचं अनुदान आज सगळ्यांनाच आहे. एक किलोवॅटला तीस हजार, तीन किलोवॅटला अठ्ठ्याहत्तर हजार. अख्ख्या वाडीने एकत्र अर्ज भरायला मात्र आधीपासूनची एकमेकांवरची भिस्त लागते. आपल्या खोऱ्यात ज्ञान प्रबोधिनी या संस्थेने उभे केलेले बचत गट आहेत. तिथे बाया दर महिन्याला बसतात, एकमेकींचं कर्ज मंजूर करतात. एका गटातल्या दोघींनी सौर बंब घेतला, तर बाकीच्या माझ्या पत्रकाची वाट बघणार नाहीत.

उलट बाजूही स्पष्ट बोलायला हवी. लग्नं. कार्यालय, डीजे, जनरेटर, फ्लेक्स, पाण्याच्या बाटल्यांचे खोकेच्या खोके, मागे उरलेलं अन्न. ज्याची ऐपत नाही तो कर्ज काढून करतो, कारण साधं लग्न केलं तर "हात आखडला" म्हणतील. इथे गरीब घराला साधेपणा शिकवायला जाऊ नये, तो त्याचा अपमान आहे. ज्याच्या घरी दहा एकर आणि दोन गाड्या आहेत, त्याने आधी दारात मांडव घालावा, तांब्या-भांड्याने पाणी द्यावं, डीजे नको म्हणावं. मोठ्या घराने केलं की ती रीत होते. गरिबाने केलं, तर फक्त त्याची गरिबी दिसते. तुमच्यातले जे असे मोठ्या घरचे आहेत, गावकीत ज्यांच्या शब्दाला वजन आहे, त्यांना माझं हे आर्जवाचं सांगणं आहे.

पुण्याहून येऊन इथे फार्महाऊस बांधलेल्यांनाही सांगायचं आहे. राजगड-तोरण्याच्या कुशीत निवांत राहावं म्हणून तुम्ही आलात, तुमचं स्वागतच आहे. पण आमच्या मुलांच्या डोळ्यांत तुम्ही सुधारणेचा नमुना आहात. तुमच्या कंपाउंडला रात्रभर दिवे जळतात, हे ती बघतात. तुम्ही शनिवारी एसटीने आलात किंवा दोन कुटुंबं एका गाडीत आलात, तर तेही ती बघतील, आणि माझ्या दहा तासांपेक्षा त्याचा परिणाम जास्त होईल.

मुलांसमोर आपण कसं बोलतो, त्याने फार फरक पडतो. आजी फाटक्या लुगड्याची गोधडी शिवते, तांदळाचं धुवण परसातल्या आळूला घालते, उरलेल्या भाकरीचा कुस्करा करते. आपण तिला काय म्हणतो? "राहू दे गं, आता दिवस पालटले." मुलगा ऐकतो. त्याऐवजी पाहुण्यांसमोर ती गोधडी अभिमानाने काढून दाखवली, तर? आईने पै-पै वाचवून संसार केला, हे तिच्यामागे दिवसकार्याला सांगण्यापेक्षा ती समोर असताना, पोरांच्या देखत सांगावं. मात्र कौतुक करताना कष्टही वाटून घ्या. गोधडीचं कौतुक करायचं आणि धुणं तिच्याच माथी मारायचं, हे मुलांना बरोबर कळतं.

अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायनात झालेला आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास मला फार महत्त्वाचा वाटतो. शाळेत मुलांना हवामानबदलाचे धडे दिले, ते त्यांच्याच किनाऱ्यावरच्या गोष्टींच्या आधाराने. आणि घरी जाऊन आईवडिलांची मुलाखत घ्यायला सांगितली. मुलांनी त्यांना उपदेश करायचा नव्हता, हवामानात काय बदल दिसले एवढंच विचारायचं होतं. पालकांना या प्रश्नाची वाटणारी काळजी वाढली, त्यातही वडिलांची जास्त, आणि मुलींच्या बोलण्याचा परिणाम मुलग्यांपेक्षा अधिक झाला. म्हणून आपणही तेच करणार आहोत. मुलं घरी येऊन विचारतील: तुमच्या लहानपणी पाऊस कधी लागायचा? गुंजवणी नदीला पाणी कुठवर असायचं? डोंगराला वणवा लागला तर कोण विझवायला जायचं? बाजाराला कसं जायचात? कृपा करून "अभ्यास कर, हे काय विचारतोस" म्हणू नका. जनावरांमागची, लावणीची कामं असतील, तर रात्री जेवताना पाच मिनिटं द्या. तुम्हाला या खोऱ्याबद्दल जे माहीत आहे, ते आमच्या कुठल्याच पुस्तकात नाही.

येत्या पालकसभेला याच विषयावर बसायचं आहे. गेल्या तीन महिन्यांची विजेची बिलं आणि घरी टाकी किती दिवस पुरते त्याचा आकडा घेऊन या. चारसूत्री करून पाहिलेल्यांनी दोरी आणावी. सभेला एरवी आयाच येतात, या वेळी वडिलांनी यावं ही मुद्दाम विनंती आहे, कारण अर्ध्याहून जास्त बोलणं घरातल्या कामाच्या वाटणीचं होणार आहे. आणि ज्यांच्या घरचा बायोगॅस बंद पडलाय, त्यांनी संकोच न करता सगळ्यांत आधी बोलावं. तो का बंद पडला, हे नवीन बांधायला निघालेल्यांनी आधी ऐकायला हवं.

तुमच्या मुलांची,
वर्गशिक्षिका